माती संपली म्हणे!

परवा रात्री नातवाचा फोन आला. तो बंगळूरला शिकतो. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने हळूच विषय काढला, "आजी, टाकीतल्या मातीला आता पाचवं वर्ष लागलं. संपली असणार ती. डिसेंबरात येतो तेव्हा सगळी काढून नवीन घालू या."

मी म्हटले, "अरे, माती संपते म्हणजे नक्की काय संपतं?"

"म्हणजे... तिच्यातले न्यूट्रियंट्स संपतात."

"सगळे? आणि एकाच दिवशी?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "आजी, तू ना, शाळेतून रिटायर झालीच नाहीस!"

असेल तसे. पण हा 'संपली' शब्द तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून आज त्यावरच लिहायला बसले आहे. फिशटँकमध्ये ज्यांना गम्य नाही अशा नातेवाइकांनी कंटाळा आला तर खुशाल उठून जावे. (सांगलीच्या वहिनींनी मात्र शेवटपर्यंत वाचायचे आहे. त्यांच्याकडेही टाकी आहे आणि त्याही त्याच दुकानात जातात.)

आधी थोडी माहिती. आमच्या हॉलमध्ये दोन फूट लांब, एक फूट रुंद अशी काचेची टाकी आहे. नातवाने २०१९ साली हौसेने मांडली आणि रीतीप्रमाणे दोन-तीन वर्षांतच शिक्षणासाठी निघून गेला. टाकी राहिली माझ्याकडे. तिच्यात मासे आहेत, पण खरी आहे ती पाणवनस्पतींची बाग. या बागेला तळाशी साधी वाळू चालत नाही. मातीचे भाजलेले, मोहरीपेक्षा थोडे मोठे असे काळे दाणे मिळतात, त्यांना दुकानात 'सॉइल' म्हणतात. जपानच्या ताकाशी अमानो यांनी पाण्याखालच्या बागांचा हा छंद जगभर नेला, आणि त्यांच्या कंपनीने काढलेली अशी माती आज सगळीकडे विकली जाते. आता तशाच मातीच्या अनेक कंपन्या झाल्या आहेत. आमच्या टाकीला दोन इंच थर द्यायचा तर नऊ लिटरची एक पिशवी लागते. तिची किंमत पेन्शनरने चारचौघांत सांगू नये अशी असते.

या मातीबद्दल दुकानात आणि इंटरनेटवरही एक वाक्य मंत्रासारखे ऐकू येते, 'दीड-दोन वर्षांत सॉइल संपते, मग बदलायची.' औषधाच्या बाटलीवर तारीख असते तसे. माझे म्हणणे असे की या वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या आहेत. त्या चारही वेगवेगळ्या वेळी संपतात, आणि त्यांतली एक तर नीट सांभाळली तर वर्षानुवर्षे टिकते. हे मला पुस्तकातून कळले असते तर बरे झाले असते. कळले ते मासे मारून.

ती गोष्ट २०२१ ची. टाकी दोन वर्षांची झाली होती. रोपे छान होती, फक्त अमेझॉन स्वोर्डची खालची दोन-तीन पाने पिवळी पडली होती. मी पाने पिशवीत घालून दुकानात दाखवायला नेली. त्या गृहस्थांनी पानांकडे नीट पाहिलेही नाही. "किती वर्षं झाली? दोन? मग सॉइल संपली, मॅडम." झाले. मी नवी पिशवी घेतली. दोन दिवस खपून जुनी माती बादल्या भरभरून काढली, रोपे उपटली, मुळे धुतली. स्वच्छतेची फार हौस, म्हणून फिल्टरमधला स्पंजही नळाखाली खसाखसा धुतला. त्या स्पंजात दोन वर्षांत वाढलेले उपकारक जिवाणू असतात आणि माशांच्या विष्ठेतला अमोनिया तेच पचवतात, हे मला ठाऊक नव्हते. नवी माती घातली, सांगितल्याप्रमाणे आरओचे पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले.

सकाळी पाहते तर मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताहेत. कदाचित एकदम वेगळ्या पाण्यात आल्यामुळे बावरले असतील, अजून वेळ गेली नव्हती. पण मी घाबरले. पाणी बदलावे एवढेच सुचले. आरओचे पाणी शिल्लक नव्हते, म्हणून बोअरचे पाणी घेतले आणि अर्धी टाकी बदलली. दुपारपर्यंत अठरापैकी पंधरा मासे गेले. चौदा निऑन टेट्रा होते, ते एकूण एक.

नातवाने आल्यावर थेंबांची टेस्ट करून मला समजावले तेव्हा रडू आले. नव्या सॉइलमध्ये नत्र खच्चून भरलेले असते. पहिले दोन-चार आठवडे ते अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरत राहते, म्हणून त्या काळात मासे सोडायचेच नसतात. आम्लधर्मी पाण्यात, म्हणजे पीएच साडेसहाच्या आसपास असेल तर, त्या अमोनियाचे हजारातले जेमतेम दोन भाग विषारी रूपात असतात. पण पीएच आठवर नेला की तेच प्रमाण शंभरात पाच होते. आमच्या बोअरच्या पाण्याचा पीएच आठ. म्हणजे मी पाणी बदलले नाही, विष कित्येक पटींनी वाढवले. आणि हे सगळे कशासाठी? तर दोन पिवळ्या पानांसाठी.

जुनी माती तोवर मी बागेत गुलाबाच्या आळ्यात ओतून टाकली होती. त्या पावसाळ्यात गुलाब असा काही फुलला की विचारू नका. 'संपलेल्या' मातीवर!

तर आता त्या चार गोष्टी.

पहिली, हा सुरुवातीचा नत्राचा लोंढा. तो काही आठवड्यांत ओसरतो. तो ओसरणे चांगलेच.

दुसरी, पाणी आम्लधर्मी आणि मृदू ठेवण्याची ताकद. ती किती टिकेल हे मातीपेक्षा तुमच्या पाण्यावर जास्त अवलंबून आहे. आरओचे किंवा पावसासारखे मृदू पाणी वापरले तर पुष्कळ टिकते. आपल्या दख्खनच्या कातळातले जड बोअरचे पाणी ओतत राहिले तर काही महिन्यांतच आटोपते. एकाच दुकानातून, एकाच दिवशी नेलेल्या दोन पिशव्या दोन घरांत इतक्या वेगळ्या वागतात, मग दीड वर्षाची तारीख कोणासाठी? ज्यांना ते नाजूक रंगीत झिंगे पाळायचे आहेत त्यांना आम्लधर्मी पाणी लागतेच, आणि ही ताकद गेली की त्यांनी माती बदललेली बरी. हे मी मान्य करते. पण माझ्याकडे झिंगे नाहीत.

तिसरी गोष्ट अन्न. आणि चौथी, अन्न धरून ठेवण्याची ताकद. सगळा घोळ या दोहोंत होतो.

मी वर्गात असते तर भिंतीवरच्या खुंट्यांचे उदाहरण दिले असते. चिकणमातीच्या आणि कुजलेल्या पालापाचोळ्याच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्याला अमोनियम, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम असे धनभाराचे कण चिकटून बसतात. मुळे त्यांना सोडवून घेतात. खुंटीवरचा सदरा कोणी नेला म्हणून खुंटी जात नाही. दुसरा सदरा आणून अडकवायचा. इंग्लंडमध्ये वे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली हे दाखवून दिले. त्याने मातीच्या थरातून अमोनियाचे द्रावण ओतले, तर अमोनिया मातीने ठेवून घेतला आणि खालून बदल्यात चुना बाहेर आला. म्हणजे खुंट्यांची ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांची जुनी आहे. दुकानापर्यंत पोचायला वेळ लागतोय इतकेच.

आता सदरे कुठून येतात? माशांच्या खाण्यातून. मी रोज साधारण अर्धा ग्रॅम खाणे घालते. वर्षाचे झाले एकशे ऐंशी ग्रॅम. त्यात चाळीस टक्के प्रथिने धरली आणि प्रथिनांत सोळा टक्के नत्र, तर वर्षाला साडेअकरा ग्रॅम नत्र मी टाकीत घालतेच आहे. यातला बराच भाग पाणी बदलताना बाहेर जातो हे खरे, पण काही भाग विष्ठेच्या आणि गाळाच्या रूपाने मातीत मुरतो. अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ साली पाणवनस्पतींच्या टाकीवर एक पुस्तक लिहिले. त्यांची सगळी पद्धतच यावर उभी आहे, तळाला कुंडीतली साधी माती, तिच्यावर खडी, आणि पुढचे पोषण माशांच्या खाण्यातून. लोह आणि पालाश मात्र माशांच्या खाण्यातून पुरेसे मिळेलच असे नाही, ते कधीमधी बाहेरून द्यावे लागते. त्यासाठी मुळांशी खुपसायच्या खताच्या गोळ्या मिळतात, आणि त्या पिशवीच्या मानाने किरकोळ किमतीत येतात.

माझ्या माहेरी काळे रान होते. वडिलांना कधी 'जमीन संपली' म्हणताना मी ऐकले नाही. ते म्हणत, "या तुकड्याचा कस गेलाय." कस जातो, कस येतो, कस लागतो. शब्दातच येणे-जाणे आहे. मग ते त्या तुकड्यात शेणखत टाकत, एखादे वर्ष हरभरा घेत, किंवा तसाच पडीक ठेवत. रान उचलून फेकून देऊन नवे आणायची सोय नव्हती हेही खरेच म्हणा. (त्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणद्रव्य असते, खुंट्यांच्या बाबतीत ती एकदम गर्भश्रीमंत. म्हणून मी एकदा बरणीत प्रयोग करून पाहिला. आठ दिवस पाणी चहासारखे गढूळ! ह्यांनी ती बरणी दिसेल त्याला दाखवली. तो नाद सोडला.)

कस गेला तरी माती शून्यावर येत नाही. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड इथे १८४३ पासून गव्हाचे एक शेत प्रयोगासाठी राखले आहे. त्यातल्या एका पट्ट्यात तेव्हापासून कसलेही खत घातलेले नाही. पीक खाली आले, पण थांबले नाही. आजही तिथे हेक्टरी टनभर गहू येतो. खताच्या पट्ट्यांच्या तुलनेत फारच थोडा, पण येतो. टाकीतल्या दोन इंच थराला शेताची खोली नाही, पाऊस नाही, हे मला कळते. पण त्या शेताला रोज कोणी चिमूटभर खाणेही घालत नाही!

आता 'तुमच्या म्हणण्याला पुरावा काय?' असे कोणी विचारील. माझ्याकडे प्रयोगशाळा नाही. पण पाने आहेत. रोपाला नत्र किंवा पालाश कमी पडले तर ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते, म्हणून आधी खालची पाने पिवळी पडतात. लोहाचे तसे नाही. ते एकदा पानात बसले की हलत नाही, म्हणून लोह कमी पडले की नवी कोवळी पाने फिकट, पांढुरकी येतात. घरातल्या म्हाताऱ्यांनी स्वतःच्या ताटातले काढून नातवंडांना द्यावे तसे ते पहिले प्रकरण. दुसरे म्हणजे पोराला जन्मतःच दूध कमी.

तेव्हा गेल्या वर्षी स्वोर्डची खालची पाने पुन्हा पिवळी झाली, तेव्हा दुकानात गेले नाही. टाकीत स्वोर्डची दोन रोपे आहेत. एकाच्याच मुळाशी दोन गोळ्या खोल खुपसल्या, दुसरे तसेच ठेवले, आणि वहीत तारीख लिहिली. तीन आठवड्यांनी गोळीवाल्या रोपाला नवी हिरवीगार पाने आली. दुसरे होते तसेच. म्हणजे कमतरता अन्नाचीच होती आणि जुन्या मातीने ते अन्न धरून मुळांना दिलेही. मग दुसऱ्यालाही दिल्या. दोन्ही रोपांना काही फरक पडला नसता तर मी आधी दिव्याकडे पाहिले असते. जावा फर्नला मात्र या गोळ्यांचा उपयोग नाही. ते लाकडाला चिकटून राहते आणि पाण्यातूनच खाते, माती नवी की जुनी याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आणि क्रिप्टोकोरिन! यांच्यातल्या एका जातीचे घर तर आपल्या पश्चिम घाटातल्या नद्या-ओढ्यांत आहे. या रोपांना उपटलेले अजिबात खपत नाही. हलवले की सगळी पाने विरघळून जातात, आणि पुन्हा फुटायला महिना-दीड महिना लागतो. २०२१ मध्ये माझी झाली तशी. पाण्याच्या बाहेर हात न काढता पाच वर्षे एका जागी वाढू दिले तर त्यांचे काय होते ते घरी येऊन पाहा. मातीच्या वयाचा हिशेब करणारे लोक या मुळांचा हिशेब करत नाहीत. मुळे स्वतः मातीत प्राणवायू सोडतात, तिला जिवंत ठेवतात. दर दीड वर्षाने सगळे उपटले तर ते जाळे कधी तयारच होत नाही.

आता दुसरी बाजू. माती बदलावीच लागत नाही असे मी म्हणत नाही. भाजलेले दाणे कायमचे नसतात. वारंवार रोपे उपटली, लावली, की ते फुटतात आणि त्यांचा चिखल होतो. चिखल दाटला की खाली प्राणवायू पोचत नाही. काडी खुपसली तर बुडबुडे येतात आणि त्यांना कुजक्या अंड्याचा वास येतो. उपटलेल्या रोपाची मुळे काळी, लिबलिबीत निघतात. तशी स्थिती आली तर मी स्वतः बदलेन, आणि त्या वेळी फिल्टरला हात लावणार नाही, मासे महिनाभर दुसऱ्या टाकीत ठेवीन. म्हणून दर दोन महिन्यांनी मी बांबूची बारीक काडी कोपऱ्यात खुपसून वास घेते. ह्यांना वाटते, बायकोला या वयात हे काय सुचले. अजून तरी पावसात भिजलेल्या अंगणाचा वास येतो. त्या निमुळत्या शंखाच्या छोट्या गोगलगायी आहेत ना, ज्यांना सगळे शिव्या देतात, त्या रात्रभर माती उकरत असतात. मी त्यांना काढत नाही. शेतात गांडूळ, टाकीत त्या.

नातवाशी यावर बराच वाद झाला. त्याचा एक मुद्दा मला पटला नाही पण कळला. तो म्हणाला, "आजी, स्पर्धेवाले तर चार-सहा महिन्यांत सगळं काढून नवीन मांडतात." बरोबर आहे. फोटो काढून झाला की त्यांचे काम झाले. त्यांना पहिल्या महिन्यांतला जोर हवा असतो, आणि नवी माती तो देते. दीड वर्षाचा मंत्र बहुधा त्यांच्याकडूनच घरोघरी पोचला असावा. पण माझ्या टाकीचा फोटो कोणी काढायला येत नाही. मला ती रोज सकाळी चहा घेताना पाहायची असते.

त्या दिवशी वाचलेल्या तीन माशांपैकी एक कोरीडोरस अजून आहे. मिशा असलेला, तळाशी राहणारा. मी हे लिहिते आहे तेव्हा तो स्वोर्डच्या मुळाशी नाक खुपसून काहीतरी शोधतो आहे. त्याला पुन्हा बादलीत काढायची माझी हिंमत नाही, हे मी नातवाला फोनवर सांगितले नाही, पण त्याच्या लक्षात आले असावे. कारण शेवटी तो म्हणाला, "बरं, मग येताना काय आणू?"

मुळांच्या गोळ्यांची एक डबी आणायला सांगितली आहे. आणि थेंबांच्या टेस्टची नवी बाटली, जुनीची तारीख खरोखरच संपली आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या टाकीत सहा-सात वर्षांची माती असेल तर जरूर लिहा. पाणी कुठले आणि काडीला वास कसला, तेवढे मात्र कळवा.